मुलीला टेनिसवर अमेरिकेतल्या कॉलेजात पाठवायचंय? एजन्सी नंतर बघू, आधी अकरावीचे विषय बघा

नाशिकच्या एका बाबांचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगते. मुलगी दहावीत, बारावी २०२८ ला होईल. एआयटीएच्या, म्हणजे ऑल इंडिया टेनिस असोसिएशनच्या, अंडर-१६ रँकिंगमध्ये साठच्या आसपास, यूटीआर (जगभर चालणारं टेनिसच्या लेव्हलचं रेटिंग) ६.८. कुणीतरी सांगितलं की अमेरिकेत टेनिसवर फुल स्कॉलरशिप मिळते. एक एजन्सी चार लाख मागतेय आणि 'प्लेसमेंट' करून देतो म्हणतेय. कोच म्हणतो अकरावीपासून ओपन स्कूलला टाका, दिवसभर कोर्टवर राहील. तर उशीर झालाय का, एजन्सी घ्यावी का, ओपन स्कूल करावं का, असे तीन प्रश्न.

मी मूळची कोल्हापूरची, आता पुण्यात शिकवते. अमेरिकेत कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेत कॉलेजांचे वन, टू, थ्री असे तीन गट असतात, त्यातल्या डिव्हिजन टू मधल्या एका छोट्या कॉलेजात मी स्वतः चार वर्षं खेळले आणि मग मास्टर्स करताना दोन वर्षं तिथेच ग्रॅज्युएट असिस्टंट होते. ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे काय तर बॉलच्या टोपल्या उचलायच्या, व्हॅन चालवायची आणि हेड कोचचा इनबॉक्स साफ करायचा. त्या इनबॉक्सने मला जे शिकवलं ते मी खेळताना कधी शिकले नव्हते, त्यामुळे बरंचसं उत्तर तिथूनच येणार आहे. आणि हे सगळं टेनिसपुरतं धरा. ॲथलेटिक्स किंवा स्विमिंगमध्ये काम जरा सोपं असतं, तिथे घड्याळ आणि टेप बोलते. कॅन्सस स्टेटला उंच उडी मारणाऱ्या तेजस्विन शंकरला 'मी चांगला आहे' हे कुणाला पटवून द्यावं लागलं नसेल, आकडाच पुरेसा होता. टेनिसमध्ये आकड्यावरून वाद घालता येतो.

तुमचे तिन्ही प्रश्न वाचून मला वाटतं की तुम्ही याच्याकडे ॲडमिशनसारखं बघताय, म्हणजे रँक एवढी आली की सीट एवढी मिळणार. तसं ते नसतंच. कॉलेज टेनिसच्या मॅचमध्ये आधी तीन डबल्स होतात, त्या तिन्ही मिळून एक पॉइंट, मग सहा सिंगल्स. म्हणजे कोचला सहा चांगल्या सिंगल्स प्लेयर पाहिजेत आणि त्यांच्यातून नीट जमणाऱ्या तीन जोड्या. समजा २०२८ ला त्याच्या दोन मुली पास होऊन जाणार आहेत, एक तीन नंबरला खेळायची आणि एक सहा नंबरला. कोच त्या दोन भोकांना ठिगळं शोधत असतो, बाकी जगाशी त्याला घेणंदेणं नसतं. तुमची मुलगी कितीही गोड खेळत असली तरी ज्या वर्षी त्याच्याकडे जागाच नाही त्या वर्षी उत्तर येणार नाही, आणि त्यात तिचा काही दोष नसतो. उलट कधीकधी मध्यम प्लेयरला चांगली ऑफर येते कारण एप्रिलमध्ये कोचची एक मुलगी ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्यांच्या यादीत, जाऊन बसलेली असते. म्हणून 'घेतील का' असं मोघम विचारण्यापेक्षा कुठल्या टीमला २०२८ मध्ये तिच्या लेव्हलची प्लेयर लागणार आहे हे शोधायचं. हे कळायला चार लाख लागत नाहीत. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर रोस्टर, म्हणजे टीममधल्या खेळाडूंची यादी, असतो, कुठली मुलगी कितव्या वर्षाला आहे ते लिहिलेलं असतं आणि तिचा यूटीआर बघता येतो.

आता लेव्हल. ६.८ वर मोठ्या नावाच्या डिव्हिजन वन टीम आज बघणार नाहीत, हे स्पष्टच सांगते. तिथे लाइनअप नऊ-दहाच्या पुढे असते, आणि डिव्हिजन वन टेनिसमध्ये निम्म्याहून जास्त प्लेयर बाहेरच्या देशातल्या असतात, म्हणजे तुमच्या मुलीची स्पर्धा टेक्सासच्या मुलीशी कमी आणि स्पेन, चेकच्या मुलींशी जास्त. पण छोट्या डिव्हिजन वन टीम, डिव्हिजन टू, एनएआयए या दुसऱ्या, छोट्या संघटनेची कॉलेजं आणि डिव्हिजन थ्री हे सगळं मिळून प्रचंड मोठं मैदान आहे. दीड-दोन वर्षांत ती साडेसात-आठला गेली तर बरीच दारं उघडतात. हे माझे अंदाज आहेत, कोच-कोचप्रमाणे फरक पडतो. आणि डिव्हिजन थ्री म्हणजे तिसऱ्या दर्जाचं असं कृपा करून समजू नका. एमआयटी डिव्हिजन थ्री मध्ये खेळते, शिकागो आणि एमरी पण. आपल्याकडे पालकांना एक सोमदेव देववर्मन माहीत असतो, व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएए सिंगल्स जिंकलेला, आणि मग त्याच्या खालचं सगळं त्यांना अपयश वाटतं.

पैशाचं बघू, कारण 'फुल स्कॉलरशिप' या शब्दाने सगळा घोळ केलाय. डिव्हिजन थ्री मध्ये खेळावर एक डॉलरही मिळत नाही. आयव्ही लीग डिव्हिजन वन असली तरी तिथेही नाही, जे मिळतं ते घरची आर्थिक परिस्थिती बघून. डिव्हिजन टू मध्ये मुलींच्या टेनिस टीमला सगळी मिळून जास्तीत जास्त सहा स्कॉलरशिप देता येतात आणि कोच त्या आठ-दहा जणींत वाटतो, बरेचदा कॉलेज सहाएवढा पैसाही देत नाही. डिव्हिजन वनला आधी मुलींच्या टेनिसमध्ये आठ स्कॉलरशिप असायच्या आणि त्या पूर्ण असायच्या, अर्धी-पाव भानगड नव्हती, म्हणून ती 'फुल'वाली गोष्ट आपल्यापर्यंत पोचली आणि ती तेव्हा खरी होती. पण जून २०२५ मध्ये हाउस केसचं (कॉलेज खेळाडूंना पैसे देण्यावरून एनसीएएवर चाललेला खटला) सेटलमेंट कोर्टाने मंजूर केलं आणि चित्र बदललं. जी कॉलेजं त्यात सामील झाली त्यांना आता रोस्टरची मर्यादा आहे, टेनिसला दहा. त्या दहांना पूर्ण द्या, अर्धी द्या, काहीच देऊ नका, कॉलेजची मर्जी. त्यात फुटबॉल-बास्केटबॉलच्या पोरांना थेट पैसे द्यायला सुरुवात झालीय, तो पैसा कुठून तरी येणारच ना. त्यामुळे टेनिसवाले कोच आज पैशाबद्दल आधीपेक्षा हात राखून बोलतात.

आता तो ओपन स्कूलचा प्रश्न, यावर जरा जास्त लिहिते कारण माझ्या डोळ्यासमोर दोन मुलींचं गणित इथेच फिसकटलं. डिव्हिजन वन किंवा टू ला खेळायचं तर एनसीएएचं एलिजिबिलिटी सेंटर, म्हणजे पात्रता तपासणारं ऑफिस, तिची नववी ते बारावीची चार वर्षं तपासतं. फक्त दहावी-बारावी बोर्ड नाही, चारही वर्षं. त्यात सोळा कोअर कोर्स लागतात, भाषा, गणित, सायन्स, सोशल सायन्स वगैरे, आणि त्यांचा जीपीए (चारपैकी सरासरी ग्रेड) डिव्हिजन वनसाठी किमान २.३, टूसाठी २.२. मार्कांची अट अजिबात कठीण नाही, आपल्या मुली डुलक्या काढत पार करतील. फसतो तो विषय निवडण्यात. खेळाडू मुलगी म्हणून घरचे म्हणतात कॉमर्स घे, सोपं जाईल, गणित सोड. मग अकरावी-बारावीला काय उरतं? बुक-कीपिंग, ओसी, एसपी, इकॉनॉमिक्स, इंग्लिश आणि एक भाषा. यातले पहिले तीन कोअर कोर्समध्ये बसणारे विषय नाहीत. म्हणजे दोन वर्षं ती प्रामाणिकपणे शिकली आणि एनसीएएच्या हिशोबात निम्मी रिकामी. कॉमर्स घेऊ नका असं नाही म्हणत, घ्या, पण गणित ठेवा, आणि नववी-दहावीला किती कोर्स भरले ते धरून सोळाचा हिशोब आत्ताच कागदावर मांडा.

दुसरी अडचण वेळेची. नववीत पाऊल टाकलं की चार वर्षांचं घड्याळ सुरू होतं आणि ते कोर्स त्या मुदतीत व्हावे लागतात. एनआयओएसचा, म्हणजे त्या ओपन स्कूलच्या राष्ट्रीय बोर्डाचा, मोठा फायदा असा सांगतात की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, दोन विषय आत्ता, तीन नंतर. टूर्नामेंट खेळणाऱ्या पोरांना हे वरदान वाटतं, आणि डिव्हिजन वनच्या दृष्टीने इथेच पाय घसरतो, कारण बारावी एक वर्ष लांबली की त्या जादा वर्षात केलेले कोर्स मोजण्यावर बंधन येतं. वर डेटा एंट्री, पेंटिंग, होम सायन्स असे विषय घेऊन बारावी काढली की वेगळीच पंचाईत. ओपन स्कूलमधून गेलेली मुलंही आहेत, अशक्य नाही, पण मग विषय नीट निवडायचे आणि बारावी २०२८ लाच संपवायची, एक दिवस पुढे नाही. आणि 'बारावीनंतर एक वर्ष गॅप घेऊन रँकिंग वाढवू' हा विचार तर टेनिसमध्ये फार महाग पडतो. थोड्या महिन्यांची सवलत असते, त्यानंतर मॅचेस खेळत राहिलात तर कॉलेजमधल्या खेळायच्या वर्षांतून कापाकापी होते. या नियमांत सारखे बदल होतात, तिच्या वर्षाला जे लागू असतील ते एनसीएएच्या साइटवर स्वतः वाचा, कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नका, माझ्यावरही नको.

एक छोटं काम आजच करा. नववीची मार्कशीट शोधा. हसू नका, आपल्याकडे नववीची मार्कशीट म्हणजे रद्दीत गेलेली वस्तू. शाळेत जाऊन शिक्का-सहीची प्रत घेऊन ठेवा, दोन वर्षांनी तोच क्लार्क असेल याची खात्री नाही.

उशीर झालाय का तर नाही, उलट वेळेवर आहात. बहुतेक खेळांत डिव्हिजन वनचे कोच दहावी संपल्यावरच्या १५ जूनपासून मुलांशी थेट बोलू शकतात, त्याआधी तिने लिहिलं तरी त्यांना नीट उत्तर देता येत नाही. बरेच पालक याच काळात हिरमुसतात, चाळीस मेल पाठवले एकही उत्तर नाही म्हणून. अहो, त्यांचे हात बांधलेले असतात. म्हणजे तुमच्या मुलीसाठी २०२६ चा जून महत्त्वाचा. दहावीची परीक्षा झाली की एप्रिल-मेमध्ये यादी, व्हिडिओ, मेलचा मसुदा तयार ठेवा. सॅट या प्रवेशपरीक्षेचं म्हणाल तर एनसीएएने ती अट जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकली, पण बरीच कॉलेजं ॲडमिशनला स्वतः मागतात, तेव्हा अकरावीत एकदा देऊन टाकलेली बरी. मेरिटचे पैसे मिळायला तिचा उपयोग होतो, आणि खेळाच्या पैशापेक्षा मेरिटचा पैसा जास्त भरवशाचा, गुडघा दुखला म्हणून तो कुणी काढून घेत नाही.

आता तो इनबॉक्स. सकाळी सहाला कंडिशनिंग झालं की मी जिमच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसायचे, एका हातात केळं, आणि कोचने सांगितलेलं असायचं की मला यातले तीनच दाखव. तीस-पस्तीस मेल असायचे. निम्मे 'आपल्या प्रतिष्ठित विद्यापीठाच्या उज्ज्वल परंपरेने मी प्रभावित झाले' या थाटाचे, आणि त्यातल्या काहींत तर दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहून गेलेलं. ते गेले. मग रँकिंगच्या स्क्रीनशॉटवाले. आता आयोवातल्या कोचला आपल्या स्टेट रँकिंगचं काय कळणार? एकदा एक मेल आला, पाच-सहा ओळींचा, मुलगी लॅटव्हियाची. लिहिलं होतं, मी गेल्या आठवड्यात माझ्यापेक्षा यूटीआरने एक पॉइंट वरच्या मुलीशी तिसऱ्या सेटमध्ये ४-६ हरले, पूर्ण तिसऱ्या सेटचा व्हिडिओ इथे आहे, ३-३ वर मी दोन डबल फॉल्ट केले ते दिसतील, सेकंड सर्व्हवर काम चालू आहे, तुमच्या दोन प्लेयर २०१६ ला पास होतायत असं रोस्टरवर दिसलं. मी कोचला दाखवला. त्याने व्हिडिओ लावला आणि मला वाटलं फोरहँड बघेल, तर तो पॉइंटच्या मधला वेळ बघत बसला. डबल फॉल्टनंतर ती कशी चालते, बॉल उचलताना रॅकेट आपटते का, जाळीकडे पाठ करून किती वेळ उभी राहते. त्या ३-३ नंतर ती टॉवेलकडे गेली, तार सरळ केली आणि परत आली, बस एवढंच. कोच म्हणाला, हिला फोन लाव. सहा महिन्यांनी ती आमच्याकडे होती आणि चार नंबरला खेळायची.

तर मेल मुलीने लिहायचा, स्वतः, तिच्या इंग्लिशमध्ये, चुका असल्या तरी चालतील. विषयाच्या ओळीतच नाव, बारावीचं वर्ष, यूटीआर आणि मार्क. आत ती कशी खेळते ते दोन वाक्यांत, व्हिडिओची लिंक, पुढचे दोन महिने कुठे खेळणार ते, आणि याच कॉलेजला का लिहितेय ते, जे खरंच त्या कॉलेजबद्दल असलं पाहिजे. डबल्स खेळत असेल तर ते ठळक लिहा. आपली मुलं सिंगल्सच्या मागे असतात आणि तिकडे कोच दोन चांगल्या व्हॉलीवर जीव टाकतो.

एजन्सीचं. सगळ्या वाईट नसतात. काही माणसं खरंच कोचना ओळखतात, आणि घरी कुणालाच मेल-फॉर्म जमत नसतील तर मदत घ्यायला हरकत नाही. पण माझ्याच एका विद्यार्थिनीच्या घरच्यांनी मला न विचारता एकीला पैसे भरले आणि तिच्या नावाने दोनशेच्या वर कोचना एकच मजकूर गेला. माझ्या ओळखीच्या एका कोचने मला फोन करून विचारलं, ही तुझी मुलगी आहे का, कारण याच शब्दांतले तीन मेल मला या महिन्यात आलेत, नावं फक्त वेगळी. ते दोनशे दरवाजे तिने पुन्हा ठोठावले तेव्हा निम्म्यांनी तिला आधीच बाजूला टाकलं होतं. तेव्हा कुणी 'गॅरंटी' म्हटलं की उठून या. चार लाखांत तिचे बाहेरगावचे किती आयटीएफ ज्युनियर (आंतरराष्ट्रीय ज्युनियर टूर्नामेंट) होतील ते मोजा, मी असते तर तिकडे घातले असते.

आणि बाबा, एक तुमच्यासाठी, रागावू नका. कोचशी व्हिडिओ कॉल होतो तेव्हा तुम्ही कॅमेऱ्याच्या बाजूला बसून तिला हातवारे करून सांगू नका. मी दुसऱ्या बाजूला बसलेली असायचे, पोरीचे डोळे सारखे डावीकडे जायचे आणि आम्हाला कळायचं की डावीकडे वडील आहेत. एकदा तर मागून आवाज आला, 'सांग ना बॅकहँडचं!' कोचला मराठी येत नव्हतं पण कळायचं ते कळलं. तुम्ही पैशाच्या बोलण्याला या, तिथे तुमची गरज आहे.

तिथे काय बघायचं? टक्के बघू नका, उरलेली रक्कम बघा. समजा एका प्रायव्हेट कॉलेजचा वर्षाचा सगळा खर्च ८२,००० डॉलर आणि ऑफर साठ टक्के. ऐकायला भारी, पण ३२,८०० तुमच्या खिशातून. दुसरीकडे स्टेट युनिव्हर्सिटी ३८,०००, ऑफर चाळीसच टक्के, उरले २२,८००. लोक साठवर सही करतात. मग विचारा, विमा यात आहे का, सुट्टीत राहायचं कुठे, ही रक्कम एका वर्षाची की चार वर्षांची, दुखापत झाली तर काय. कोच तोंडी 'हो' म्हणाला म्हणजे काहीच पक्कं नसतं, दोन्ही बाजूंनी. आधी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट म्हणून एक कागद असायचा, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये बंदच झाला, आता कॉलेजचा स्कॉलरशिपचा करार हातात येईपर्यंत बाकीच्या कोचशी बोलणं तोडायचं नाही. आणि कोच स्वतः नोकरी बदलू शकतो हे धरून चाला. कॉलेज असं निवडा की टेनिस उद्या बंद पडलं तरी तिला तिथे शिकायला आवडेल.

व्हिसाचं एका ओळीत, आपली मुलं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात, त्यामुळे इन्स्टाग्रामवर ब्रँडचे पैसे कमावणाऱ्या अमेरिकन खेळाडूंच्या बातम्या बघून तो पैसा हिशोबात धरू नका, तिथे राहून तसलं काम केलं तर व्हिसाच गोत्यात येतो.

तर आत्ता, या रविवारी तिची मॅच असेल तर एवढंच करा. ट्रायपॉड बेसलाइनच्या मागे, जाळीला टेकवून, फोन डोक्याच्या वर जाईल एवढा उंच, आडवा. पूर्ण सेट घ्या, मधलं काही कापू नका, स्लो मोशन नको, मागे गाणं तर नकोच. ज्या सेटमध्ये ती घट्ट मॅच खेळली तो निवडा, ६-१ वाला नाही, हरली असली तरी चालेल. आणि फोनचा माइक तुमच्यापासून लांब ठेवा, 'पाय हलव, पाय हलव' हे सगळं त्यात येतं.